चालू खोदाई-पाइपलाइनचा धंदा विकत घेतला, सव्वा वर्षानंतरचा रिव्ह्यू

जून २०२४ मध्ये मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून पुण्याजवळ भोसरीच्या एका काकांची फर्म घेतली. पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, गॅसची आणि केबलची चारी, थोडंफार एचडीडी (रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं ड्रिल करून पाइप ओढणं), असा सगळा जमिनीखालचा धंदा, १९९६ पासून चालू असलेला. घ्यायच्या आधी मी नेटवर खूप शोधलं की असा धंदा कुणी घेतलाय का, घेताना काय बघितलं, कुठे फसला. हॉटेलचे, मेडिकलचे, पेट्रोल पंपाचे अनुभव भरपूर सापडले, खोदाईचा एकही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. यात ब्रोकर, सीए आणि मशीन तपासणारा मेकॅनिक या तिघांच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू आहे आणि मग खुद्द धंद्याचा. स्टार द्यायचेच तर ब्रोकरला दोन, सीएला पाच, मेकॅनिकला पाच आणि धंद्याला चार.

मी डिप्लोमा सिव्हिल, बारा वर्षं गॅस पाइपलाइनच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर होतो, मेव्हणा अकाउंट्सवाला. नवीन फर्म का नाही काढली हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, सासऱ्यांनी तर तीनदा. उत्तर सरळ आहे, सरकारी टेंडर भरायचं तर मागच्या काही वर्षांचा टर्नओव्हर लागतो, तसंच काम आधी पूर्ण केल्याचा दाखला लागतो, रजिस्ट्रेशनचा वर्ग लागतो, आणि नवीन फर्मकडे यातलं काहीच नसतं. मग कुणाच्या तरी हाताखाली सबकॉन्ट्रॅक्टवर रनिंग मीटरच्या (लांबीच्या दर मीटरच्या) रेटने पाच-सहा वर्षं घासायची, आणि पुण्यात रनिंग मीटरचा एकच रेट घेऊन बसलात की दोन फुटांवर काळा पाषाण लागला म्हणजे खडक फोडायच्या ब्रेकरचं भाडंसुद्धा सुटत नाही. काकांकडे अठ्ठावीस वर्षांची कागदपत्रं होती. मुलगी बंगळूरला, जावई आयटीत, दोघांनाही यात रस नाही, काकांचे गुडघे गेलेले. आम्हाला पटलं.

आता ब्रोकर. तो धंदे विकून देण्याचंच काम करतो, ऑफिस चांगलं, बोलणं गोड, कमिशन दोन टक्के. त्याने आम्हाला चोवीस पानांची रंगीत फाइल दिली, त्यात टर्नओव्हर ३ कोटी ६० लाख, नफा ४१ लाख, येणं ६४ लाख, मशिनरी ७० लाख, आणि मागणी दीड कोटी. फाइल वाचून कुणालाही वाटेल की डोळे झाकून घ्यावं. पण त्या माणसाने एकदाही साइटवर पाय ठेवला नव्हता. मी त्याला विचारलं की या ६४ लाखांत डिपॉझिट किती आणि पास झालेली बिलं किती, तर म्हणाला सगळं येणंच आहे, आज ना उद्या मिळणार. या धंद्यात ‘आज ना उद्या’ला काही अर्थ नसतो. प्रत्येक बिलातून एसडी, म्हणजे सिक्युरिटी डिपॉझिट, कापून ठेवतात आणि ते डीएलपी, म्हणजे दोष निघाला तर दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्याशिवाय सुटत नाही, काही कामांना ही मुदत तीन वर्षांची असते, आणि तोपर्यंत रस्ता खचला, चेंबर बसलं, लीकेज आलं तर दुरुस्ती आपल्याच खिशातून. म्हणजे ते येणं जितकं आहे तितकंच ते देणंही असू शकतं. ब्रोकरने ही गोष्ट लपवली असं मी म्हणणार नाही, त्याला ती माहीतच नव्हती, पण दोन टक्के घेणाऱ्याला माहीत असायला हवी. दोन स्टार यासाठी की भेट त्याने घालून दिली आणि काकांशी बोलणी फिसकटली तेव्हा रात्री साडेदहाला येऊन बसला.

सीएबाई मात्र खरंच हुशार. चिंचवडला छोटं ऑफिस, कॉन्ट्रॅक्टर लोकांचीच कामं करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बॅलन्सशीट नंतर बघू, आधी २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा उतारा) आणा. कारण कॉन्ट्रॅक्टरला पैसे देणारी सरकारी खाती, कंपन्या आणि मोठे ठेकेदार तेव्हा आयकराच्या कलम १९४सी खाली टीडीएस कापत, कॉन्ट्रॅक्टर वैयक्तिक किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के, त्यामुळे पैसे खरोखर कुणाकडून किती आले ते तिथे दिसतं. सरकारी खाती अडीच लाखांवरच्या कामाला जीएसटीचाही २ टक्के टीडीएस कापतात, तोही बघितला. मग ही सगळी बेरीज बँकेच्या स्टेटमेंटला आणि जीएसटी रिटर्नला लावून बघितली. टर्नओव्हर जुळला, पण त्यातले जवळजवळ चाळीस टक्के एकाच मेन कॉन्ट्रॅक्टरकडून येतात हे तेव्हा कळलं. रंगीत फाइलमध्ये हे कुठेही नव्हतं. म्हणजे तो एक माणूस रुसला की धंदा अर्ध्यावर.

नफ्याचंही तेच. काका स्वतः सकाळी सातपासून साइटवर उभे, त्यांचा पगार कुठे धरलेला नाही, पुतण्याचा ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर बिनभाड्याने चालतोय, गोडाऊन घरच्या जागेत. हे सगळं बाजारभावाने धरल्यावर ४१ लाखांचे २७ लाख राहिले. एसडीचे २२ लाख वेगळे काढले. एक जुनं काम होतं, टेंडर भरलं तेव्हा पाइपलाइनच्या सरकारी कामावर १२ टक्के जीएसटी होता, १८ जुलै २०२२ पासून तो १८ झाला, त्या सहा टक्के फरकाचा अर्ज अजून पडून होता. सीएबाई म्हणाल्या, हे पैसे मिळाले तर देवाची कृपा समजा, किमतीत धरू नका. आम्ही धरले नाहीत.

आता व्यवहार कसा करायचा हा भाग नीट वाचा, कारण इथे लोक मार खातात. प्रोप्रायटरशिप असेल तर नुसती मशिनरी आणि नाव घेऊन उपयोग नाही, रजिस्ट्रेशन आणि अनुभवाचे दाखले त्या माणसाच्या नावावर असतात, ते मशीनबरोबर आपोआप तुमच्याकडे येत नाहीत. सगळा धंदा उचलून घेतला तर जीएसटी कायद्याचं कलम ८५ आहे, आधीच्या मालकाची थकबाकी विकणारा आणि घेणारा दोघांच्याही डोक्यावर येते, आणि आम्ही घेतला तेव्हा पीएफ कायद्यात कलम १७बी तसंच होतं, फक्त तिथे घेणाऱ्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीएवढीच होती. आमचं नशीब की ही काका-काकूंची पार्टनरशिप होती. आम्ही दोघं पार्टनर म्हणून आत गेलो, नवीन डीड केलं, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद केली, जीएसटीत बदल पंधरा दिवसांच्या आत टाकला, काकू निवृत्त झाल्या आणि काका मार्च २०२६ पर्यंत छोट्या हिश्शाचे पार्टनर राहायचं ठरलं. फर्म तीच, पॅन तोच, दाखले तेच. पार्टनरशिप कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे नवीन पार्टनर जुन्या देण्यांना जबाबदार नसतो, पण फर्म असतेच ना, आणि आपला पैसा फर्ममध्येच असतो, म्हणून काकांकडून वेगळं लिहून घेतलं की जूनच्या आधीचं कुठलंही देणं निघालं तर त्यांच्या रकमेतून वजा. शेवटी १ कोटी १८ लाखांना ठरलं, त्यातले २४ लाख मागे ठेवले, निम्मे एक वर्षाने आणि निम्मे चिखलीच्या ड्रेनेज लाइनची डीएलपी संपल्यावर. हे मागे ठेवणं ही सीएबाईंची आयडिया, त्यांच्या फीच्या कितीतरी पट आमचं काम झालं.

मेकॅनिक चाकणचा, पन्नाशीचा माणूस, बोलत जवळजवळ नाहीच. ब्रोकर म्हणत होता मशीनचे फोटो आहेत, सर्व्हिसची बिलं आहेत, कशाला तपासता. मेकॅनिकने २०१६ ची ३डीएक्स, म्हणजे आपली नेहमीची जेसीबी, चालू केली, पुढच्या बकेटमध्ये मुरूम भरायला लावला, बूम वर घेतला, इंजिन बंद केलं आणि सिलेंडरच्या रॉडवर खडूने एक रेघ मारली. मग विडी पेटवून शांत बसला. दहा मिनिटांनी रेघ बोटभर आत गेली होती. म्हणाला, सील गेलेत. नंतर इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडलं, वर हात धरला, धूर कितपत फेकतंय ते बघितलं, आणि मागच्या बाजूला किंगपोस्टपाशी (मागचा बूम ज्यावर वळतो तो सांधा) पहार घालून हलवून पिनांचा खेळ दाखवला. तासांचं मीटर ७,२०० दाखवत होतं, पेडलचं रबर आणि सीटखालचा पत्रा बघून तो म्हणाला दहा हजारांच्या खाली नसणार. पोकलेनची चेन आणि खालचे रोलर बघून सांगितलं की दीड वर्षात खालचा सगळा संच बदलावा लागेल, पैसे बाजूला ठेवा. एचडीडी मशीन मात्र चांगलं निघालं, ड्रिलच्या तोंडाशी बसणारा ट्रान्समीटर आणि वरून चालवायचा लोकेटर दोन्ही नीट वाचत होते. त्याने सहा हजार घेतले आणि आम्ही मशिनरीच्या ७० चे ५६ लाख केले. अजून एक, आरसी बघितली तर ३डीएक्स फर्मच्या नाही, काकांच्या स्वतःच्या नावावर होती आणि फायनान्सचा बोजा अजून उतरवलेला नव्हता, कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटूनही. बँकेची एनओसी, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग नाव बदलायचे २९ आणि ३०, यात सात आठवडे गेले. मशीन कुणाच्या नावावर आहे हे पैसे द्यायच्या आधी बघा.

आता जे कुठल्याच कागदात नव्हतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे उचल, म्हणजे कामगारांना आधी दिलेले पैसे, जे ते काम करून फेडतात. काकांकडे उदगीरकडच्या एका मुकादमाची टोळी आहे, चौदा नवरा-बायकोच्या जोड्या, आणि त्यांना दिवाळीनंतर दिलेली उचल एका निळ्या वहीत लिहिलेली, ६ लाख ४० हजार. खात्यात ती नाही, कारण रोखीत दिलेली. व्यवहार झाल्यावर आठव्या दिवशी मुकादम आला आणि म्हणाला, “सायब, वही तुमच्याकडं आली का काकांकडंच हाय? आमी कुनाचं देनं लागतो ते सांगा, म्हंजे तसं काम करतो.” मला त्याचा प्रश्न अगदी बरोबर वाटला. आम्ही काकांना घेऊन बसलो, वही तिघांनी मिळून वाचली, ज्याच्या नावापुढे जेवढी रक्कम ती त्याच्यासमोर मोठ्याने, आणि निम्मी काकांनी सोडली, निम्मी आम्ही घेतली. आता आम्ही उचल बँकेतून देतो आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सगळ्यांचं भरतो. सुरुवातीला टोळीतले काही जण पीएफ कापायला तयार नव्हते, एका बाईच्या बाळंतपणात ईएसआयचा उपयोग झाला त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

दुसरं म्हणजे जेसीबीचा ऑपरेटर. बावीस वर्षं काकांकडे, सगळे त्यांना मामा म्हणतात. एप्रिल-मे मध्ये मी सुट्ट्या काढून अठरा दिवस नुसता त्यांच्या चारीपाशी उभा राहिलो, व्यवहार ठरायच्या आधी, आणि या धंद्यात नक्की काय विकत घ्यायचं ते मला तिथे कळलं. तळवड्याच्या एका गल्लीत पाण्याची लाइन टाकत होते, नकाशात तिथे दुसरं काही नव्हतं. मामांनी बकेट एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली आणि मध्येच थांबवली. वरून काळी माती येत होती, तिच्यात मूठभर बारीक वाळू दिसली. मला तर दिसलीही नसती. मामा खाली उतरले, बिगाऱ्याला म्हणाले टिकाव ठेव, हाताने काढ. फूटभर खाली लाल विटांची ओळ लागली आणि विटांच्या खाली विजेची जुनी केबल. केबल टाकताना वाळूत ठेवून वर विटा रचायची पद्धत आहे, म्हणून काळ्या मातीत वाळू आली म्हणजे कुणीतरी ती आणून टाकली आहे, आपोआप आलेली नाही. मामा म्हणाले, “भाऊ, जिमीन आधी उघडलेली असली की ती सांगते, बकेट हलकी लागते.” त्या दिवशी संध्याकाळी मी मेव्हण्याला फोन केला की मशीन राहू दे बाजूला, हा माणूस राहणार असेल तरच घेऊ.

आणि तरी आमची चूक झालीच. दिवाळीला मामा गावी गेले, आम्ही बदली ऑपरेटर लावला आणि चाकण बाजूला कंपन्यांच्या रस्त्यालगत फायबर तुटली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांनी त्यांच्या नियमाने केलं. पावणेदोन लाख बिलातून गेले आणि दोन दिवस काम बंद. मामांचा पगार वाढवायला आम्ही कां-कूं करत होतो, चार हजारांचा फरक होता महिन्याला. त्या आठवड्यात वाढवला. तेव्हापासून खोदायच्या आधी ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅपवर नोंद टाकतोच टाकतो, दूरसंचार विभागाचं आहे, २२ मार्च २०२३ ला सुरू झालं, आपण कुठे खोदणार ते टाकलं की तिथे ज्यांच्या लाइनी नोंदलेल्या असतील त्यांना कळतं. सगळ्यांच्या सगळ्या जुन्या लाइनी तिथे असतील या भरवशावर राहू नका, दर वीस-पंचवीस मीटरला हाताने खड्डा मारून बघाच.

तिसरी गोष्ट लिहिताना मला अजूनही कसंतरी होतं. फर्मकडे शोरिंगचं, म्हणजे चारीच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधार द्यायचं, काहीच सामान नव्हतं. अठ्ठावीस वर्षं काम केलं, कधी काही झालं नाही असं काका म्हणायचे. खोदाईच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस ३७६४, त्यात दीड मीटरच्या खाली चारी गेली की बाजू धरायला सांगितलंय. आमचं मोशीकडे ड्रेनेजचं काम होतं, सव्वातीन मीटर खोल, काळी माती, सप्टेंबरचा पाऊस. दुपारी टोळी जेवायला बसली आणि अकरा मीटर लांबीची एक बाजू अख्खी खाली आली, आवाजसुद्धा मोठा नाही झाला, धप्प असा. वीस मिनिटांपूर्वी खाली तीन माणसं जॉइंट करत होती. मी त्या दिवशी काम बंद केलं. लोखंडी प्लेटा आणि आडवे जॅक बनवून घ्यायला ३ लाख ८० हजार गेले, रोजची प्रगती दहा-बारा मीटरने कमी झाली, मेन कॉन्ट्रॅक्टरने कुरकूर केली, पण त्याशिवाय आमच्या चारीत कुणी उतरत नाही. असा धंदा बघायला जाल तेव्हा गोडाऊनमध्ये प्लेटा आहेत का ते आधी बघा, नसतील तर तो खर्च किमतीतून कमी करा आणि घेतल्याच्या पहिल्या महिन्यात करा. आम्हाला तीन महिने लागले, लागायला नको होते.

काकांच्या चांगल्या सवयीही सांगतो, कारण चार स्टारपैकी मोठा वाटा त्यांचा आहे. खोदाईचं बिल हे माती कुठल्या प्रकारची निघाली त्यावर असतं, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक, प्रत्येकाचा रेट वेगळा, आणि चारी बुजवली की पुरावाही त्यात पुरला गेला. काका प्रत्येक तीस मीटरला चारीत स्टाफ (मोजमापाची उभी पट्टी) उभा करून फोटो काढायचे, जेई (खात्याचे ज्युनियर इंजिनिअर) साहेबांना तिथे बोलवून त्याच दिवशी संयुक्त मोजमापावर सही घ्यायचे, एमबी, म्हणजे बिलाची मोजमाप वही, भरायला महिना लागला तरी हा कागद तयार. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांत खडकाच्या मोजमापावरून त्यांचं एकही बिल अडकलं नाही, हे मी जुन्या फाइली काढून तपासलं. आम्ही हे जसंच्या तसं ठेवलंय, फक्त फोटो आता लोकेशनसहित काढतो.

पैसा वेळेवर येतो का, तर नाही. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर ठेकेदारांनी आंदोलनं केली ते तुम्ही वाचलं असेल. आमचं एका महापालिकेचं १९ लाखांचं बिल सात महिने अडकलं होतं, तेव्हा डिझेल आणि टोळीचे पगार बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) चालवले आणि घरी मेव्हण्याच्या बायकोचे दागिने तारण ठेवले, तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. म्हणून किंमत ठरवताना खरेदीच्या रकमेवर किमान चार महिन्यांचा खर्च वेगळा हाताशी ठेवा, आम्ही दोन महिन्यांचा ठेवला होता तो कमी पडला. चाळीस टक्केवाल्या मेन कॉन्ट्रॅक्टरवरचा भार मुद्दाम कमी करत आणलाय, आता तो पंचवीसवर आहे, त्याच्या जागी सोसायट्यांची आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांची खासगी कामं घेतोय, रेट थोडा कमी पण पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत.

पावसाळ्याच्या तोंडावर घेतला ते बरं झालं, शहरात रस्ते खोदाईला परवानगी बंद असते, मशीनं उभी असतात, त्यामुळे सील बदलणं, कागदं करणं, माणसांशी बोलणं याला दोन महिने मिळाले. ऑक्टोबरला घेतला असता तर पहिल्या दिवसापासून पळापळ.

पहिलं पूर्ण वर्ष हिशोबात ३ कोटी २० लाखांचं झालं, हातात सगळं वजा जाऊन १९ लाख, दोघांत. नोकरीत मला यापेक्षा जास्त मिळत होते. तरीही चार स्टार देतोय, कारण हातातल्या वर्क ऑर्डर आता पाच कोटींच्या आहेत आणि टोळी पूर्ण परत आली आहे. मागे ठेवलेल्यातले पहिले १२ लाख काकांना जूनमध्ये दिले, चेंबर दुरुस्तीचे ८५ हजार वजा करून, काकांनी पावतीवर सही केली आणि कुठलं चेंबर ते विचारून दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. उरलेले चिखलीची डीएलपी संपल्यावर, मार्च २०२६ मध्ये द्यायचे. मामांचा मुलगा आता आमच्याकडे पोकलेनवर हेल्पर आहे, बकेट अजून त्याच्या हातात दिलेली नाही, सध्या मामा त्याला चारीच्या काठावर उभं करतात आणि निघालेल्या मातीत काय काय दिसतंय ते विचारतात.